बावन्न लाख पंधरा हजार तीनशे एक

काहींना पहिल्या स्कूटरचा नंबर आठवतो, काहींना माहेरच्या लँडलाइनचा. मला माझा बारावीचा रोल नंबर आठवतो. ५२१५३०१. बावन्न लाख पंधरा हजार तीनशे एक. मार्क किती पडले होते ते विचाराल तर मार्कशीट शोधावी लागेल, पण हा नंबर झोपेतून उठवून विचारलात तरी सांगेन. त्याचा आता कुणालाच उपयोग नाही. तरी दर मार्चला तो येतो आणि महिनाभर मुक्काम ठोकून बसतो.

दिल्लीतला मार्च हा मुळी धड ऋतूच नाही. रजया उन्हं खाऊन पेटीत गेलेल्या असतात, कूलर अजून गच्चीवर ताडपत्रीखाली असतो. पंखा दोनवर लावला तर बरं वाटतं, तीनवर लावला तर घरातलं कुणीतरी ओरडतं. बाकीची शहाणी झाडं पानं टाकून मोकळी झालेली असतात तेव्हा कडुनिंबाला जाग येते आणि तो होळीच्या तोंडावर सगळा रस्ता पिवळा करून ठेवतो. आणि सावर फुलते. इथे तिला सेमल म्हणतात. माझ्या मुलीला, रेवाला, सावर हा शब्द माहीतच नाही आणि मीही तिच्यासमोर तो वापरत नाही. लाल, जाडजूड फुलं. ती गळत नाहीत, पडतात. नोएडातल्या आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये एक झाड आहे. गाडीच्या टपावर फूल आपटलं की आमचा वॉचमन इतक्या वर्षांनंतरही दचकून वर बघतो.

मार्चमध्ये मला काही वाटत नाही. ही तक्रार नाही. दाताच्या डॉक्टरने इंजेक्शन दिल्यावर गाल आपलाच असतो, पण हात लावला तर दुसऱ्या कुणाचा वाटतो, तसा माझा हा महिना जातो. ऑफिसला जाते, मेट्रोत उभी राहते, भाजी निवडते, होळीला गुझिया, म्हणजे इथल्या खव्याच्या करंज्या, आणते. कुणी विचारलं तर सगळं ठीक आहे. सावरीचं फूल पडलं की ऐकू येतं, एवढंच.

त्या नंबराबद्दल बाबांनी मला एक गोष्ट सांगितली होती. मी ती मानली, आणि वर डॉक्टरांनाही सांगितली. ती गोष्ट खरी होती की खोटी, यावर त्या मार्चमध्ये बाबांचं जगणं-मरणं टांगलेलं होतं. तेव्हा हे मला कळलं नाही. कळलं ते यंदा.

बाबा अमरावतीहून गणितात बी.एस्सी. करून दिल्लीला आले आणि केंद्र सरकारच्या एका मंत्रालयात चिकटले. रिटायर व्हायला पाच वर्षं उरली तेव्हा सेक्शन ऑफिसर होते. दिवसभर फायलींवर नोटिंग. गणिताची हौस त्यांनी मग रस्त्यावर भागवून घेतली. पुढच्या गाडीचा नंबर, डीटीसीच्या बसचं तिकीट, फायलीचा डायरी नंबर, गॅसच्या पुस्तकावरचा ग्राहक क्रमांक, नंबर दिसला की ते त्याचे अवयव पाडायला बसत. कुणी पान खातं, कुणी शिट्टी वाजवतं, तसं बाबांचं हे होतं. लग्नाच्या पंगतीत शेजारी बसलेल्या माणसाला ते नाव-गाव विचारायच्या आधी गाडीचा नंबर विचारायचे, असं आई सांगते. थोडं तिखटमीठ लावून सांगत असेल, पण फार नाही.

लक्ष्मीबाई नगरात आमचं क्वार्टर होतं, तळमजल्याचं. त्या वसाहतीत परीक्षेला जाणाऱ्या प्रत्येक पोराला घरातून दही-साखर मिळे. आमच्याकडे दही-साखर आणि अवयव. ऍडमिट कार्ड आलं की आधी बाबांच्या हातात जायचं. ते रोल नंबर एका वहीत उतरवून घ्यायचे, मग तो ‘उघडायचे’. हा त्यांचाच शब्द. पेपरच्या आदल्या दिवशी एका चिठ्ठीवर अवयव आणि खाली नंबराचा स्वभाव लिहून चिठ्ठी कंपासपेटीत. माझा दहावीचा नंबर दोनाने, तिनाने, पाचाने, सगळ्यांनी जायचा. बाबांनी लिहिलं होतं, ‘भिडस्त आहे, कुणाला नाही म्हणत नाही. प्रश्न सोडून देऊ नकोस.’ हळूहळू वरच्या मजल्यावरच्या बंगाली काकूही मुलाचं कार्ड घेऊन खाली यायला लागल्या. समोरचे तमिळ अंकल आधी हसले, मग त्यांनीही मुलीचं कार्ड पाठवलं. त्या चिठ्ठ्यांनी कुणाचे मार्क वाढल्याचं ऐकलं नाही, पण कार्डं येत राहिली.

बाबा एका गोष्टीची वाट बघत होते. मूळ संख्येची. एक आणि ती स्वतः सोडून जिला दुसरं कुणी भागू शकत नाही, ती मूळ संख्या. दोन, तीन, पाच, सात अशा लहानपणी त्या पावलोपावली भेटतात, मग विरळ होत जातात. बावन्न लाखांच्या आसपास पोचलात की सरासरीने पंधरा-सोळा आकड्यांत एखादी. आमच्या घरच्या कुणालाच ती मिळालेली नव्हती. काकूंच्या मुलाला नाही, अंकलच्या मुलीला नाही. बाबा म्हणत, एकदा तरी आपल्याकडे यायला हवी.

सात, अकरा आणि तेरा या तिघांना एकाच दगडात कसं टिपायचं, हे त्यांनी मला बसमध्ये शिकवलं. मी पहाडगंजातल्या मराठी शाळेत जायचे. सकाळी ते मला सोडून पुढे ऑफिसला जात. सात, अकरा, तेरा यांचा गुणाकार एक हजार एक. म्हणून कितीही मोठी संख्या उजवीकडून तीन-तीन आकड्यांत तोडायची, शेवटच्या गटातून त्याच्या आधीचा वजा करायचा, त्याच्या आधीचा मिळवायचा. जे उरेल त्याला या तिघांपैकी ज्याने भाग जाईल, त्यानेच सगळ्या संख्येला भाग जातो. आठ वर्षांची मुलगी बसच्या तिकिटावर हे दहा सेकंदांत करते, याचं बाबांना भारी कौतुक. कंडक्टरलाही दाखवायचे. कंडक्टर ‘अच्छा जी’ म्हणून पुढे सरकायचा.

आणि त्यातही एक्क्याण्णव. बाबांचा लाडका आकडा. चेहऱ्याने अगदी मूळ संख्या. दोनाने जात नाही, तिनाने जात नाही, पाचाने जात नाही. भलेभले फसतात. पण तो सात गुणिले तेरा. एक्क्याण्णव दिसला की बाबा माझ्या पाठीवर बोट टोचायचे, म्हणजे मी ‘सात-तेरा’ म्हणायचं. जेवताना, रस्त्यात, पाहुण्यांसमोर. मला त्या बोटाचा कंटाळा यायचा.

त्या वर्षी संक्रांतीला आमच्या मराठी मंडळाची बस पानिपतला गेली, काला अंबला, जिथे मराठे लढले त्या जागी. दर वर्षीच जायची. तिथे नमस्कार, दोन भाषणं, तिळगूळ, पुरी-भाजीची पाकिटं आणि संध्याकाळपर्यंत परत. परतताना धुकं इतकं होतं की ड्रायव्हरशेजारी एक माणूस खिडकीतून डोकं बाहेर काढून बसला होता. घराजवळच्या आयएनएच्या स्टॉपवर उतरताना बाबांचा पाय पायरीवरून निसटला आणि डोकं दाराच्या दांड्यावर आपटलं. मोठं टेंगूळ आलं. आईने हळद लावली. बाबा दोन दिवस ज्याला-त्याला सांगत होते, पानिपताहून डोकं फोडून घेऊन येणारा मी काही पहिला मराठी माणूस नाही. टेंगूळ उतरलं आणि आम्ही विसरलो.

फेब्रुवारीत त्यांचं डोकं दुखायला लागलं. ऑफिसातून आले की आडवे व्हायचे. चहा समोर ठेवला तर थंड होईपर्यंत त्याच्याकडे बघत राहायचे. एकदा स्वेटर उलटा घालून गेले. स्वेटर उलटा तर कुणीही घालतं, मी हसले. मला अभ्यास होता.

मग माझं ऍडमिट कार्ड आलं. बाबांनी नंबर वहीत उतरवला आणि त्यांच्या चेहऱ्यावर जरा रंग आला. एरवी असा नंबर ते एका संध्याकाळीत उघडत. मोठा अवयव असला तर दोन. या वेळी आठ दिवस लागले. जेवणाच्या टेबलावर वही, शेजारी पट्टी, टोक केलेल्या चार पेन्सिली. संख्येच्या वर्गमूळापर्यंतच्या सगळ्या मूळ संख्यांनी भागून पाहायचं असतं. माझ्या नंबराचं वर्गमूळ दोन हजार दोनशे त्र्याऐंशीच्या जरा पुढे, म्हणजे तीनशेहून जास्त भागाकार. मी आत अर्थशास्त्र घोकत असायचे आणि बाहेरून पेन्सिलीचा आवाज यायचा. मला तो आवाज बरा वाटायचा. बाबा बरे आहेत असं त्यातून मला ऐकू यायचं.

आठव्या दिवशी ते माझ्या खोलीच्या दारात येऊन उभे राहिले. म्हणाले, “मूळ आहे.”

एवढंच. मी उठून त्यांना मिठी मारली. आईने शिरा केला. काकू आणि अंकल यांच्या घरी वाट्या गेल्या. चिठ्ठीवर बाबांनी लिहिलं, ‘ही कुणाला भागू देत नाही. तूही देऊ नकोस.’ अक्षर जरा उतरतं आलं होतं, उजवीकडे खाली. मी ती चिठ्ठी कंपासपेटीत ठेवली. नंबर तपासला नाही. बाबांचं गणित कोण तपासणार? बसच्या तिकिटावर दहा सेकंदांत करायची ती गोष्ट मी माझ्याच नंबराला लावून पाहिली नाही.

दुसऱ्याच दिवशी आई त्यांना सरकारी डिस्पेन्सरीत घेऊन गेली. माझी प्रिपरेशन लीव्ह चालू होती, म्हणून मीही गेले. डॉक्टर सज्जन होते. डोकेदुखी कधीपासून, उलटी होते का, दिसायला त्रास आहे का, सगळं विचारलं. बीपी पाहिलं. संक्रांतीचं टेंगूळ आईने सांगितलं. तेव्हा त्यांनी पेन खाली ठेवलं आणि आमच्या दोघींकडे बघून विचारलं की यांच्या वागण्यात, विचारात काही फरक पडलाय का. गोंधळल्यासारखे होतात का. तसं असेल तर लगेच डोक्याचं स्कॅन लिहून देतो.

मी म्हणाले, “बिल्कुल नहीं डॉक्टर साहब. कल ही इन्होंने सात अंकों का नंबर चेक किया है, प्राइम है या नहीं. हाथ से. तीन सौ से ज़्यादा डिवीजन.”

डॉक्टर हसले. म्हणाले, मग यांचं डोकं आपल्या सगळ्यांपेक्षा चांगलं चालतंय. बाबाही हसले. डोकेदुखीच्या गोळ्या लिहून मिळाल्या. काही बदल वाटला तर लगेच या, असं डॉक्टरांनी दोनदा सांगितलं. बाहेर कडुनिंबाच्या पानांवरून आम्ही तिघं चालत घरी आलो.

पुढचं थोडक्यात सांगते, कारण मला ते थोडक्यातच आठवतं. माझे तीन पेपर झाले. मग एका सकाळी बाबा दाढी करता करता खाली बसले आणि उठले नाहीत. कवटीच्या आत, मेंदूवर, दोन महिने थेंब-थेंब रक्त साठत होतं. हॉस्पिटलात स्कॅन झालं, ऑपरेशन झालं. महिनाभर आधी आला असतात तर साधी गोष्ट होती, असं तिथल्या सर्जननी सांगितलं. रागाने नाही, नुसतं सांगितलं. चार दिवसांनी बाबा गेले.

चौथा, अर्थशास्त्राचा पेपर ते गेल्यावर सहाव्या दिवशी होता. तो मी दिला. कसा दिला विचारू नका, मला फक्त एवढं आठवतं की उत्तरपत्रिकेवर रोल नंबर मी कार्ड न बघता लिहिला. डोळ्यांत पाणी नव्हतं. मागणी आणि पुरवठ्याची आकृती पट्टीने काढली. सेंटरच्या अंगणात सावर होती. आम्ही बाहेर आलो तेव्हा मुली तिची फुलं चुकवत चालत होत्या आणि मी सरळ चालत होते.

तेराव्याला अमरावतीहून काका आले, मंडळाची माणसं आली. आईने सगळ्यांना ती वही दाखवली. शेवटपर्यंत डोकं शाबूत होतं हो, असं प्रत्येक जण म्हणाला. सात आकडी मूळ संख्या हाताने काढली, आजारी माणसाने. तिथून ती आमच्या घरची गोष्ट झाली. माझ्या लग्नात सांगितली गेली. रेवाच्या बारशाला सांगितली गेली. क्वार्टर सोडलं, पुढे लक्ष्मीबाई नगरातली ती घरंच पाडली, आता तिथे टॉवर आहेत. पण गोष्ट तशीच राहिली. आई माझ्याकडे नोएडाला राहायला आली तेव्हा तिच्या कपाटात साड्यांखाली ती वहीही आली.

मलाही त्या गोष्टीचा आधार होता. सर्जन म्हणाले ते खरं, पण आम्हाला कळणार कसं? माणूस तर अखेरपर्यंत पूर्ण शुद्धीत होता. गणित चोख होतं. कळायला जागाच नव्हती. सव्वीस वर्षं मी या वाक्यावर पाय रोवून उभी होते.

या फेब्रुवारीच्या शेवटी रेवाने तिचं दहावीचं ऍडमिट कार्ड डाउनलोड केलं. प्रिंट काढायला घरातल्या माझ्या कामाच्या खोलीत आली आणि म्हणाली की आजोबा नंबर तोडायचे ना, माझा पण तोडूया. तोडायला तिला वही लागत नाही. फोनवर एक साइट आहे, नंबर टाकला की डोळ्याचं पातं लवायच्या आत अवयव हजर. तिचा नंबर सोपा निघाला, अर्धा तर दोनांचाच. मग ती म्हणाली, “आई, तुझा सांग ना. तो वाला, प्राइम.”

मी सांगितला. तिने टाकला. मग फोन माझ्यापुढे धरून म्हणाली, “यार आई, हा प्राइम नाहीये.”

सात गुणिले तेरा गुणिले दोनशे तेवीस गुणिले दोनशे सत्तावन्न.

मी म्हटलं, तू काहीतरी चुकीचं टाकलंस. तिने परत टाकला. मग मी प्रिंटरमधला कोरा कागद घेतला आणि आठ वर्षांची होते तेव्हा जे करायचे ते केलं. पाच, दोनशे पंधरा, तीनशे एक. तीनशे एकातून दोनशे पंधरा गेले, शहाऐंशी. त्यात पाच. एक्क्याण्णव.

रेवाने विचारलं, काय झालं. मी काही नाही म्हणाले. ते खोटं नव्हतं. खरंच काही झालं नाही. मी स्वयंपाकघरात जाऊन कुकर लावला.

आई खाली बागेत फेऱ्या मारायला गेली तेव्हा मी तिच्या कपाटातून वही काढली. इतक्या वर्षांत ती मी उघडून वाचलीच नव्हती, फक्त इतरांच्या हातात पाहिली होती. माझ्या नंबराच्या पहिल्याच पानावर, वरच्या कोपऱ्यात, ती वजाबाकी होती. ३०१ वजा २१५, ८६, अधिक ५, ९१. बरोबर. आणि त्याखाली बाबांनी लिहिलं होतं, ‘९१ मूळ. म्हणून ७, ११, १३ नाही. पुढे.’ एक्क्याण्णव मूळ. माझ्या पाठीत बोट टोचणाऱ्या माणसाने लिहिलेलं. पुढच्या पानांवर सातानेच तीनदा भागून पाहिलेलं होतं. एकदा बाकी चार, एकदा दोन, एकदा भागाकार मध्येच सोडलेला. सतरा दोनदा. एकोणीस नाहीच. चौथ्या दिवसापासून ओळी पट्टी वापरूनही खाली घसरत होत्या. ही वही पाचवीतल्या पोराच्या हातात दिली असती तरी त्याने सांगितलं असतं की या माणसाला काहीतरी होतंय. तेराव्याला ती चाळीस माणसांनी हातात घेतली आणि मान हलवली.

मग पंधरा दिवस मी त्या नंबराशी खेळत बसले. दुसरं काय करणार? मेट्रोत, मीटिंगमध्ये, भाजीच्या रांगेत. त्याला एकूण सोळा विभाजक आहेत. आकड्यांची बेरीज सतरा, म्हणून तिनाला वाव नाही. दोनशे सत्तावन्न म्हणजे सोळाचा वर्ग अधिक एक. आणि एका सकाळी, अक्षरधाम स्टेशनच्या अलीकडे, मी तो उलटा लिहून पाहिला. १०३५१२५. शेवटी पाच, म्हणून पाचाने भागलं. परत पाचाने. परत पाचाने. उरले आठ हजार दोनशे एक्क्याऐंशी. ते म्हणजे एक्क्याण्णव गुणिले एक्क्याण्णव. सरळ वाचा, पोटात एक्क्याण्णव. उलटा वाचा, दोन एक्क्याण्णव. याला काही अर्थ नाही हे मला कळतं. बोर्डाच्या कुठल्या तरी यंत्राने ओळीने नंबर वाटले, त्यात हा माझ्या वाट्याला आला. पण बाबांना हे दाखवलं असतं तर ते आठवडाभर हवेत चालले असते. माझं स्टेशन मागे निघून गेलं तरी मी बसून होते.

मला जे छळत होतं ते वेगळंच. मी ‘बिल्कुल नहीं’ म्हणाले त्या दिवशीही तो नंबर साताने जात होता. बाबा जन्मायच्या आधीही जात होता. बोर्ड नव्हतं, दिल्ली नव्हती, तेव्हाही बावन्न लाख पंधरा हजार तीनशे एक हे सात आणि तेरा यांना भागू देत होते. आमच्या शिऱ्याने त्यात फरक पडला नाही. ते उत्तर माझ्या कंपासपेटीत, माझ्या हाताशी, माझ्यासाठी ठेवलेलं होतं. दहा सेकंदांचं काम होतं. मी केलं असतं तर दुसऱ्या दिवशी डॉक्टरांना वेगळं उत्तर दिलं असतं, त्यांनी स्कॅन लिहिलं असतं, आणि रेवाला आजोबा असते. यात कुठेही धूसर काही नाही. रडू येईल म्हणून मी वाट पाहत होते. ते आलं नाही.

आईला सांगायचं की नाही, एवढाच प्रश्न उरला होता. ती चौऱ्याहत्तरची आहे. शेवटपर्यंत डोकं शाबूत, या एका वाक्यावर तीही सव्वीस वर्षं उभी आहे असं मी धरून चालले होते. ते वाक्य काढून घेतलं तर ती कशावर उभी राहील? मी वही परत साड्यांखाली ठेवायचं ठरवलं आणि ठेवली नाही.

गेल्या रविवारी दुपारी आई बाल्कनीत मटार सोलत बसली होती. रेवाचा सोमवारी गणिताचा पेपर, ती आपल्या खोलीत. मी वही ऑफिसच्या बॅगेतून काढून परत ठेवायला म्हणून निघाले आणि आईने ती माझ्या हातात पाहिली. लपवायला वेळ मिळाला नाही. मी शेजारी बसले आणि एका दमात सांगून टाकलं. नंबर मूळ नाही. बाबांचं चुकलं होतं. पहिल्याच पानावर चुकलं होतं. मी तपासलं नाही.

आई माझ्याकडे न बघता म्हणाली, “मला माहीत होतं.”

मला वाटलं तिला कळलं नाही. मी परत सांगायला लागले.

“अगं, मला त्यातलं मूळ-बीळ नाही कळत. पण चौथ्या-पाचव्या दिवशी ह्यांनी मला हाक मारली आणि विचारलं, तेरा साती किती? मी पोळ्या करत होते. मी सांगितलं, एक्क्याण्णव. ते हो म्हणाले. थोड्या वेळाने परत विचारलं. मग परत. तिसऱ्या वेळी मी तवा उतरवून बाहेर आले. ते माझ्याकडे असे बघत होते, की मी कोण ते आठवतायत.”

खाली पार्किंगमध्ये कुणीतरी गाडी काढत होतं. मी वही खाली ठेवली. मग विचारलं, डॉक्टरांनी विचारलं तेव्हा तू का नाही बोललीस.

“तू इतकं छान सांगितलंस. ऐकून मलाच बरं वाटलं. म्हटलं, असेल, माझंच काहीतरी चुकलं असेल.” तिने एक शेंग उचलली. “आणि तुझा पेपर होता ना पुढच्या आठवड्यात. तेव्हा स्कॅन-बिन काढलं असतं तर तुझं वर्ष गेलं असतं. म्हटलं, परीक्षा होऊ दे. शेवटचा पेपर झाला की दुसऱ्या दिवशी नेते. मी कॅलेंडरवर खूण पण केली होती.”

सव्वीस वर्षं मी तिला जपत होते आणि ती मला. राग यायला हवा होता. कुणाचा, ते ठरेना. ती सोलत होती आणि तिच्या बोटांतून शेंग निसटली. तिने दुसरी घेतली. तीही निसटून मांडीवर पडली. तेव्हा माझ्या लक्षात आलं की ती सगळं उजव्या हाताने करतेय. शेंग गुडघ्याशी दाबून धरायची, उजव्या अंगठ्याने फोडायची. डावा हात ताटलीच्या कडेला नुसता ठेवलेला होता.

“हाताला काय झालं?”

“काही नाही.”

“आई.”

“मुंग्या येत होत्या. आता तेवढ्याही येत नाहीत. धरलेलं कळत नाही.” ती म्हणाली. “पंधराएक दिवस झाले असतील. बोलणार होते मी. रेवाची परीक्षा होऊ दे म्हटलं.”

मी उठले. मटारांची ताटली तिच्या मांडीवरून काढून घेतली, तिच्या चपला आणून पायांपुढे ठेवल्या. रेवाच्या खोलीचं दार उघडून सांगितलं की आजीला हॉस्पिटलात नेतेय, आत्ता. रेवाने पुस्तक मिटलं आणि मी पण येते म्हणाली. उद्या पेपर आहे, हे माझ्या ओठांवर आलं होतं. मी ते बोलले नाही.

लिफ्टमध्ये मी आईचा डावा हात हातात घेतला. पाचव्या मजल्यावर तिने सहज खाली आमच्या हातांकडे पाहिलं, तेव्हा तिला कळलं.